एकशे सहासष्टावी मुलगी

चंद्रपूर जिल्ह्याच्या भद्रावती तालुक्यात माजरी हे गाव आहे. दगडी कोळशाच्या खाणींमुळे त्याचे नाव दूरवर पोचले आहे. दिल्लीहून चेन्नईकडे जाणारा लोहमार्ग या गावावरून जातो आणि वणी-आदिलाबादकडे जाणारा फाटाही येथूनच फुटतो. म्हणून माजरीचे स्थानक जंक्शन झाले आहे. कोळशाने भरलेल्या मालगाड्या आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे धावणाऱ्या प्रवासी गाड्या रात्रंदिवस या मार्गावरून जातात. अशा एखाद्या गाडीत आईबापांचा हात सुटलेले एक लहान मूल एकटेच बसून गेले, तर काय होईल याची कल्पना करा. रात्र सरेपर्यंत ते अशा मुलखात पोचेल, की तेथील माणसांची भाषा त्याला कळणार नाही आणि त्याचे रडणे कोणाला समजणार नाही.

हे केवळ कल्पनेतले संकट नव्हे. २०१८ पासून मे २०२४ पर्यंत रेल्वे सुरक्षा दलाने देशभरातील स्थानकांवरून आणि गाड्यांतून ८४,११९ मुलांची सुटका केली. कोणी वाट चुकलेले होते, कोणी घरातून रुसून निघालेले होते, तर कोणाला दुष्ट माणसांनी फूस लावून नेले होते. हा आकडा वाचून मनाला दिलासा वाटतो. परंतु ज्या घरातले मूल या आकड्यात नसते, त्या घराला या आकड्याचे काय सुख?

जंगलालगतच्या गावांत संध्याकाळी गुरे परत येतात, तेव्हा गुराखी ती मोजून घेतो. वीस गाईंपैकी एकोणीस आल्या म्हणून तो सुखाने जेवायला बसत नाही. कंदील घेऊन तो पुन्हा रानाच्या वाटेला लागतो. राहिलेली एक गाय त्याला आलेल्या एकोणीस गाईंहून अधिक आठवते. मुंबईतील एका पोलीस अधिकाऱ्याने आपल्या कामाचा हिशेब याच रीतीने केला. त्यांचे नाव राजेंद्र धोंडू भोसले.

भोसले हे अंधेरी येथील डी. एन. नगर पोलीस ठाण्यात सहायक फौजदार होते. पोलीस दलात हे पद मोठे समजले जात नाही. मोठ्या अधिकाऱ्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात. सहायक फौजदाराच्या वाट्याला बहुधा पायपीटच येते. अंधेरी हे मुंबईचे पश्चिम उपनगर आहे. तेथे गिल्बर्ट हिल नावाचा काळ्या पाषाणाचा उंच सुळका उभा आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या रसापासून तो बनला. त्या पाषाणाच्या आसपास आज इतकी दाट वस्ती झाली आहे, की एका चाळीतील माणसाला पलीकडच्या गल्लीतील माणूस ओळखू येईलच असे नाही. रोजगारासाठी नाना प्रांतांतून आलेली माणसे तेथे राहतात. अशा वस्तीत हरवलेले मूल शोधणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधण्यासारखेच आहे.

२००८ ते २०१५ या काळात डी. एन. नगर पोलीस ठाण्याच्या हद्दीतून १६६ मुली बेपत्ता झाल्याच्या तक्रारी आल्या. हरवलेल्या मुलाचा तपास कसा चालतो, हे आपण जाणून घ्यावे. प्रथम त्याचे छायाचित्र, वय, उंची, अंगावरील कपडे, शरीरावरील खुणा यांची नोंद होते. ही माहिती इतर पोलीस ठाण्यांना कळविली जाते. मग रुग्णालये, रेल्वे स्थानके, बस स्थानके, बालगृहे या ठिकाणी जाऊन चौकशी करावी लागते. घरची माणसे, शेजारी, शिक्षक, दुकानदार, रिक्षावाले अशा अनेकांना पुन्हा पुन्हा विचारावे लागते. यात पराक्रमाचा देखावा काहीच नसतो. लागते ती चिकाटी. भोसले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही चिकाटी दाखविली आणि १६६ पैकी १६५ मुलींचा शोध लावला.

राहिली ती एक.

ती सात वर्षांची होती. तिचे नाव येथे आपण मुद्दाम घेत नाही. कारण जिने इतके सोसले, तिला यापुढे सर्वांसारखे निर्वेध आयुष्य जगू देणे हे आपले कर्तव्य आहे. वृत्तपत्रांनी तिला ‘एकशे सहासष्टावी मुलगी’ म्हटले. २२ जानेवारी २०१३ रोजी सकाळी ती आपल्या भावाबरोबर शाळेला निघाली. वाटेत त्या दोघांचे भांडण झाले. भावाबहिणींत होते तसेच ते भांडण होते. उशीर झाला म्हणून भाऊ पुढे जाऊन शाळेत शिरला आणि ती क्षणभर मागे राहिली. त्या क्षणानंतर ती दिसेनाशी झाली. शाळा सुटली, संध्याकाळ झाली, दिवे लागले. पण मुलगी घरी आली नाही.

तिच्या आईवडिलांचे हातावर पोट होते. खर्चून शोध घ्यावा इतका पैसा त्यांच्याजवळ नव्हता. त्यांच्यासाठी पोलीस ठाणे हेच आशेचे एकमेव दार होते. भोसले यांनी हा तपास मनावर घेतला. दिवस गेले, महिने गेले, वर्षे गेली. इतर मुली सापडत होत्या; हिचा मात्र माग लागत नव्हता. २०१५ मध्ये भोसले सेवानिवृत्त झाले. सरकारी नियमाप्रमाणे त्यांचे काम त्या दिवशी संपले. गणवेश उतरला, कागदपत्रे दुसऱ्याच्या स्वाधीन झाली. १६६ पैकी १६५ हा हिशेब कोणत्याही अधिकाऱ्याने अभिमानाने सांगावा असाच होता.

परंतु भोसले यांनी त्या मुलीचे छायाचित्र जवळ ठेवले. निवृत्तीनंतरही ते तिचा शोध घेत राहिले. आता त्यांच्या हाती अधिकार नव्हता, वेतन नव्हते, आज्ञा देणारा कोणी वरिष्ठही नव्हता. ती मुलगी त्यांच्या नात्याची नव्हती, गावाची नव्हती, शेजारचीही नव्हती. तरीही तिचे न सापडणे त्यांच्या मनाला लागून राहिले. आपले माणूस गेल्याचे दुःख सर्वांनाच होते. परक्याच्या मुलीसाठी असे दुःख वर्षानुवर्षे वागविणारा मनुष्य मात्र विरळा. त्या दुःखाने भोसले खचले नाहीत. त्या दुःखानेच त्यांना चालते ठेवले.

आता आपण त्या मुलीकडे वळू. तिने पुढे पोलिसांना जे सांगितले, त्यावरून तिची हकिकत कळते. आइस्क्रीमचे आमिष दाखवून एका पुरुषाने तिला शाळेजवळून नेले. त्याला व त्याच्या पत्नीला मूल नव्हते, म्हणून त्यांनी तिला आपल्याजवळ ठेवून घेतले. रडलीस तर मारू, असा धाक तिला घातला. तिला मुंबईबाहेर, गोवा आणि कर्नाटकात नेण्यात आले. काही काळाने त्या दांपत्याला स्वतःचे मूल झाले आणि मग या मुलीचे हाल अधिकच वाढले. तिला मारहाण होऊ लागली, घरकामाला जुंपण्यात आले. त्यानंतर ते कुटुंब पुन्हा मुंबईला आले. ते जेथे राहू लागले, तेथून तिच्या आईचे घर अवघे पाचशे मीटर दूर होते. पाचशे मीटर म्हणजे सात-आठ मिनिटांची वाट! परंतु तिला एकटीला कोठे जाऊ दिले जात नव्हते. घराचा पत्ता तिला आठवत नव्हता आणि कोणाशी बोलण्याची तिला भीती वाटत होती. भीतीने घातलेली बेडी लोखंडाच्या बेडीहून घट्ट असते.

काही वर्षांनी तिला दुसऱ्यांच्या घरी मूल सांभाळण्याच्या कामावर पाठविण्यात आले. त्याच घरी धुणीभांडी करणारी एक बाई येत असे. वयाने ती मुलीहून बरीच मोठी होती. दोघींचे नाते म्हणावे, तर एका घरी राबणाऱ्या दोन जीवांचे. कामे करता करता दोघी बोलू लागल्या आणि हळूहळू त्यांची मैत्री जमली. ज्यांच्याकडे आपण राहतो ते आपले आईबाप नव्हेत, आपल्याला लहानपणी पळवून आणले आहे, ही गोष्ट त्या मुलीने अखेर या मैत्रिणीला सांगितली.

येथे थोडे थांबून विचार करा. त्या बाईने काय काय म्हटले असते? ‘लोकांच्या भानगडीत आपण कशाला पडावे?’ असे ती म्हणू शकली असती. ‘माझे काम गेले तर माझ्या पोराबाळांनी काय खावे?’ ही भीतीही खोटी ठरली नसती. पण तिने मुलीचे बोलणे ऐकून घेतले आणि तिच्यावर विश्वास ठेवला. मुलीचे नाव आणि ‘बेपत्ता’ हा शब्द घेऊन भ्रमणध्वनीवर शोध सुरू झाला. आणि काय आश्चर्य! २०१३ साली तिच्या शोधासाठी काढलेले पत्रक पडद्यावर उमटले. त्यावर तिचे लहानपणीचे छायाचित्र होते आणि संपर्कासाठी पाच क्रमांक दिलेले होते.

एकेक क्रमांक लावून पाहिला. इतकी वर्षे लोटली होती. क्रमांक बंद पडले होते. पाचांपैकी एकच क्रमांक चालू निघाला. तो मुलीच्या घरच्यांचा नव्हता. त्यांच्या एका शेजाऱ्याचा होता. शेजाऱ्याने आधी खात्री करून घेतली आणि मग मायलेकींची व्हिडिओ कॉलवर गाठ घालून दिली. नऊ वर्षांनी आईने लेकीचे तोंड पाहिले. पोलिसांना वर्दी गेली आणि ४ ऑगस्ट २०२२ रोजी ती मुलगी आपल्या घरी परत आली. सात वर्षांची गेली होती. सोळा वर्षांची होऊन आली. पोलिसांनी त्या दांपत्यावर गुन्हा नोंदविला आणि त्या पुरुषाला अटक केली. दोषी कोण आणि त्याला शिक्षा काय, हे ठरविण्याचे काम न्यायालयाचे असते.

घरी आनंदाला उधाण आले. पण त्या आनंदात एक जागा रिकामी होती. मुलीचे वडील त्यापूर्वी काही महिनेच आजाराने वारले होते. लेक येईल या आशेवर त्यांनी नऊ वर्षे काढली आणि ती आली तेव्हा ते नव्हते. जगात न्याय मिळाला, तरी गेलेला काळ परत मिळत नाही. न्यायाला उशीर झाला की त्याची किंमत अशी मोजावी लागते.

ही वार्ता भोसले यांच्या कानी गेली तेव्हा त्यांना झालेला आनंद शब्दांत सांगता येण्यासारखा नाही. सात वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या या अधिकाऱ्याचे काम त्या दिवशी पूर्ण झाले. १६५ चे १६६ झाले.

कोणी असे विचारील, की ‘मुलगी तर भोसल्यांना सापडली नाही, तिला तिच्या मैत्रिणीने घरी पोचविले. मग भोसल्यांच्या इतक्या वर्षांच्या खटपटीचा उपयोग काय?’ हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर नीट समजून घेतले पाहिजे. हरवलेल्या माणसाला सर्वांत मोठा धोका असतो तो विस्मरणाचा. लोक थकतात, कागद जुने होतात, ‘आता ती कसली येते’ असे म्हणून माणसे आपापल्या कामाला लागतात. ज्याला सर्व विसरले, त्याला परत येण्यासाठी दार उरत नाही. भोसले विसरले नाहीत. घरची माणसे विसरली नाहीत. शोधाची पत्रके निघाली होती आणि शेजाऱ्याचा क्रमांक चालू होता. म्हणूनच जेव्हा त्या मुलीने आपल्या बाजूने हात पुढे केला, तेव्हा त्या हाताला धरण्यासाठी दुसऱ्या बाजूलाही हात होता. विहीर खणणाऱ्याला प्रत्येक वेळी तिचे पाणी प्यायला मिळतेच असे नाही. पण म्हणून त्याचे खणणे व्यर्थ जात नाही.

हरवलेल्या मुलांचे चेहरे लोकांच्या नजरेसमोर ठेवावेत, ही गोष्ट इतर देशांनीही ओळखली आहे. २५ मे १९७९ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात सहा वर्षांचा एक मुलगा शाळेच्या बसकडे जाताना नाहीसा झाला. पुढे अशा मुलांची छायाचित्रे दुधाच्या खोक्यांवर छापण्याची पद्धत तेथे पडली, म्हणजे रोज सकाळी प्रत्येक घरात ती दिसावीत. २५ मे हा दिवस आता अनेक देशांत हरवलेल्या मुलांचा स्मरणदिन म्हणून पाळला जातो. आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी एक महत्त्वाचा आदेश दिला. मूल हरवल्याची तक्रार आली, की पोलिसांनी ती केवळ टिपून न ठेवता गुन्हा म्हणून नोंदवावी आणि ते मूल पळविले गेले आहे असे मानून तपासाला लागावे, असा त्या आदेशाचा आशय आहे. संकटातील मुलांसाठी १०९८ ही दूरध्वनी सेवा १९९६ साली मुंबईत सुरू झाली आणि पुढे ती देशभर पसरली. महाराष्ट्र पोलीसही ‘ऑपरेशन मुस्कान’ या नावाने हरवलेल्या मुलांच्या शोधाची मोहीम चालवितात.

परंतु कायदा, मोहीम आणि दूरध्वनी ही साधने होत. ती हाती घेणारे माणूस जागे असावे लागते. ती मुलगी पाचशे मीटरवर राहत होती, तेव्हा तिला पाहणारे डोळे काय थोडे होते? दूधवाल्याने तिला पाहिले असेल, वाण्याने पाहिले असेल, जिन्यावर शेजाऱ्यांनी पाहिले असेल. शाळेच्या वयाची ही मुलगी शाळेत का जात नाही, तिच्या अंगावर वळ कसले, हे कोणी विचारले नाही. विचारले ते एका कष्टकरी बाईने. तिच्यापाशी ना पद होते, ना गणवेश, ना शिक्षणाचे मोठेपण. न्यायाचे काम न्यायालयात आणि पोलीस ठाण्यात चालते हे खरे. पण पुष्कळदा त्याचा आरंभ एखाद्या ओट्यावर होतो. एकजण भीत भीत बोलतो, दुसरा ते मन लावून ऐकतो, आणि तेथून न्यायाची पहिली पायरी लागते.

मुलांनो, तुम्ही लहान आहात म्हणून या कामात तुमचा काही भाग नाही असे समजू नका. आईवडिलांचे पूर्ण नाव, घराचा पत्ता आणि निदान एक दूरध्वनी क्रमांक तुमच्या तोंडी असू द्या. तुमच्या धाकट्या भावंडांकडूनही तो पाठ करून घ्या. शाळेत जाताना भांडण झाले, तरी धाकट्याला वाटेत सोडून जाऊ नका. भांडण घरी पोचल्यावर पुरे करता येईल. अनोळखी माणसाने खाऊ दिला किंवा कोठे चल म्हटले, तर जाऊ नका आणि ती गोष्ट लगेच मोठ्यांना सांगा. गाडीत किंवा जत्रेत चुकामूक झालीच, तर गणवेशातील पोलिसाजवळ जा; त्याला भिऊ नका. १०९८ आणि ११२ हे दोन क्रमांक लक्षात ठेवा. आणि तुमचा एखादा सोबती काही दुःखाची गोष्ट हळूच सांगू लागला, तर त्याची थट्टा करू नका. ऐकून घ्या आणि विश्वासाच्या मोठ्या माणसापर्यंत ती पोचवा.

माजरीच्या स्थानकातून रोज हजारो माणसे येतात आणि जातात. त्यांतील एखादे मूल एकटे दिसले, तर आपण काय करावे, याचे उत्तर राजेंद्र भोसले यांनी आपल्या वागण्याने दिले आहे. सापडलेल्यांची संख्या कितीही मोठी असो, जोवर एक जण घरी आलेला नाही, तोवर दार लावून घ्यायचे नाही.

अभ्यास

१. गुराख्याच्या उदाहरणावरून लेखकाने कोणती गोष्ट समजावून सांगितली आहे?

२. हरवलेल्या मुलाचा तपास पोलीस कसा करतात, ते क्रमाने लिहा.

३. ‘सरकारी नियमाप्रमाणे त्यांचे काम त्या दिवशी संपले.’ भोसले यांचे काम खरोखर केव्हा पूर्ण झाले, असे लेखकाला वाटते? का?

४. पाठातील मुलीचे नाव लेखकाने का सांगितले नाही? त्याचे हे करणे तुम्हाला योग्य वाटते काय? कारण द्या.

५. ‘भीतीने घातलेली बेडी लोखंडाच्या बेडीहून घट्ट असते.’ या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

६. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा: मनावर घेणे, माग लागणे, हातावर पोट असणे, कानी जाणे.

७. तुमच्या गावातील पोलीस ठाण्याला किंवा रेल्वे स्थानकाला शिक्षकांबरोबर भेट द्या. हरवलेल्या मुलांसाठी तेथे कोणती व्यवस्था आहे, याची माहिती दहा-बारा ओळींत लिहा.